‘दोन लाखांचा कॅमेरा नसेल तर या धंद्यात पडू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

लग्नसराई जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या व्हिडिओवाल्यांत एक मेसेज फिरू लागतो. सार असं: दोन लाखांचा कॅमेरा, फोर-के (जास्त बारीक, स्पष्ट चित्र) आणि गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा) नसेल तर या धंद्यात पडू नका, व्हिडिओत सांगायच्या गोष्टीचं नंतर बघता येतं, गिऱ्हाईक आधी कॅमेरा बघतं. हे वाचून खेड्यातली पोरं हप्त्यावर कॅमेरे उचलतात, म्हणून एकेका मुद्द्याचा समाचार घेतो.

महागड्या कॅमेऱ्याशिवाय चित्र चांगलं येत नाही? मंगल कार्यालयातल्या कितीतरी व्हिडिओंत नवरा-नवरीच्या अंगावरून काळपट पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर, म्हणजे एकेक चित्र टिपायचा वेळ, १/६० सेकंदावर असेल तर तो या लुकलुकण्याशी जुळत नाही आणि लाखाच्या कॅमेऱ्यातही पट्टे येतात. १/५० केलं की बहुतेक वेळा जातात. याला दमडी लागत नाही, माहिती लागते. आपल्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) घरातल्या टेबलावर साध्या वस्तू मांडून, हवा तसा प्रकाश पाडून असे फोटो काढत की बघणाऱ्याला ते बाहेरचं निसर्गदृश्य वाटे. खानदेशाच्या वेशीवर मालेगावात नासिर शेख आणि मंडळींनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमे केले, कॅमेरा सरकवायच्या ट्रॉलीच्या जागी सायकल वापरली.

फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, हे खरं. पण बघणारा बहुतेक वेळा मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर बघतो, तिथे तो फरक फारसा कळत नाही.

‘गोष्टीचं नंतर बघू’ याचा मात्र मला मनापासून राग येतो. भरीत पार्टीचा व्हिडिओ घ्या. ड्रोन शेतावरून फिरतो, मग कढई, मग ताटं, वर गाणं. दहा व्हिडिओ लावा, कुठला कुणाचा ते ओळखू येणार नाही. त्यापेक्षा वांगी भाजायला पेटवलेल्या काड्यांपासून सुरुवात करा. वांग्याची साल तडतडते, आजी ती नुसत्या बोटांनी सोलते, चटका बसला की बोट कानाच्या पाळीला लावते आणि अहिराणीत सुनेला बजावते, मिरची कमी पडली. पाहुणे अजून यायचेत. आता बघणारा हलत नाही. हा क्रम शूटिंगच्या आधीच डोक्यात हवा. आजीचा हात जवळून घ्यायचा राहिला तर एडिटिंगला बसल्यावर तो आणणार कुठून? आणि तिचं बोलणं शेतातल्या वाऱ्यात, लांब उभ्या कॅमेऱ्याच्या माइकवर कळणारच नाही. तिच्या पदराला लावलेला छोटा कॉलर माइक इथे नव्या लेन्सपेक्षा जास्त कामाचा.

गिऱ्हाईक आधी कॅमेरा बघतं, हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि साधनाला किंमत नाही असं माझं म्हणणंच नाही. रात्रीच्या वरातीत मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या भागाचा) कॅमेरा मोबाइलपेक्षा स्वच्छ चित्र देतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की मोबाइल तापून ऐन हळदीत बंद पडू शकतो. दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्ड करणारा कॅमेरा असेल तर एक कार्ड गेलं तरी लग्न हातचं जात नाही. अशा कामाला चांगला कॅमेरा जरूर आणा, पण भाड्याने. एक-दोन सीझन भाड्यावर काढले की आपल्याला नेमकी कुठली लेन्स लागते ते कळतं. हप्त्याचा विचार त्यानंतर.