मोटरसायकलचं वाकलेलं हँडल गॅसवर सरळ करून घेऊ नका : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुम्ही लिहिलंत, "तुमी शोरूमवाल्यावानी नवीन हँडल घ्या म्हणता. आमच्या गावचा वेल्डर गॅसवर गरम करून पाच मिनिटात सिधं करून देते. जुन्या गाडीवर कायले पैसा लावाव?"

पैशाची काळजी रास्तच आहे. सोयाबीन विकून आलेला पैसा देणीपाणी करण्यातच संपतो, हे यवतमाळकडच्या माणसाला मी काय सांगावं! पण गरम केलेल्या हँडलला माझा विरोध आहे आणि तो राहील.

हँडल म्हणजे पोकळ नळी. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांना ती बाहेरून २२ मिलिमीटर व्यासाची असते. गाडी पडून नळी वाकली की वळणाच्या आतल्या अंगाला पत्रा दबतो, बारीक सुरकुती पडते. गॅस मारून ती उलटी ओढली की तोच दबलेला पत्रा पुन्हा ताणला जातो. क्रोम जळतो, गंज धरतो, आणि वरून चंदेरी रंग मारला की काहीच दिसत नाही. चीर सुरू होते ती त्या सुरकुतीवर, नाहीतर हँडल धरून ठेवणाऱ्या क्लँपच्या कडेला. आता आपल्या गाड्या चालतात कुठे ते बघा. श्रावणातली पांदण, काळी चिकण माती, ट्रॅक्टरच्या चाकोरीत रुतलेलं पुढचं चाक, मागे युरियाची बॅग आणि हँडलला लटकवलेली दुधाची कॅन. गाडी सावरताना सगळा जोर मनगटांतून त्या नळीवर येतो. ती तिथे मोडली तर ब्रेकच्या लिव्हरसकट हातात येईल.

पैसे वाचवायची जागा वेगळीच आहे. हँडल तिरकं दिसलं म्हणजे ते वाकलंच असं नाही. पुष्कळदा पडल्यावर पुढच्या शॉकअपचे पाइप ‘टी’मध्ये, म्हणजे ते दोन्ही पाइप धरून ठेवणाऱ्या जोडात, थोडे फिरलेले असतात. ‘टी’चे बोल्ट आणि चाकाचा एक्सल सैल करा, समोर उभं राहून चाक गुडघ्यांत घट्ट दाबा, हँडल पिळून सरळ आणा आणि सगळं परत कसा. एवढ्याने सरळ झालं तर खर्च काहीच नाही. दोन्ही मुठी तरीही खालीवर दिसल्या तरच नवं हँडल आणा. त्याला एका फवारणीच्या औषधाएवढेही पैसे लागत नाहीत.

बसवताना एका गोष्टीवर मात्र नजर ठेवा. बऱ्याच गाड्यांत स्विचच्या आत एक लहानशी पिन असते, ती हँडलच्या भोकात बसते. बाजारातल्या हँडलला कधी कधी ते भोक नसतं, मग मिस्त्री पिनच घासून टाकतो. तसं करू देऊ नका, खूण करून भोक पाडायला लावा. पिन गेली की स्विच नळीवर फिरतो आणि उजव्या हाताची रेसची केबलही त्याच्यासोबत ओढली जाते.

शेवटी गाडी स्टँडवर चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. इंजिनचा आवाज जरा जरी चढला, तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे. ती टाकीखालून सोडवून पुन्हा नीट घाला, तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.