राडा काढायची बोली नव्हती म्हणे!

गणपती चार दिवसांवर आलाय आणि आज तिसरा दिवस मी फरशी पुसतेय. ओली आहे तोवर अशी झकास हिरवट दिसते की वाटतं, झालं एकदाचं. पंखा लावून वाळू दिली की परत पिठूर पांढरी. बोट ओढलं तर रेघ उमटते. ह्याच फरशीवर गौरीची पावलं काढायची आहेत मला!

कोल्हापुरात पेठेतलं जुनं घर आमचं. सासऱ्यांनी हौसेनं कोटा फरशी घातलेली, वापरून वापरून पार मेली होती. म्हणून पॉलिशवाला बोलावला. स्क्वेअर फुटाचा दर ठरला, ॲडव्हान्स दिला, आणि फरशी घासताना जो पांढरा चिखल होतो, त्याबद्दल मी तोंडानं स्पष्ट विचारलं होतं, "राडा कोण काढणार?" "वहिनी, कायबी काळजी करू नका, चकाचक करून देतो." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन टेम्पोत चढवलं आणि गेले निघून. फोन केला तर म्हणतो, "आमचं काम पॉलिशचं. राडा काढायची बोली नव्हती."

अहो, बोली कसली? राडा तुम्ही केलाय ना? न्हाव्यानं केस कापले आणि गळ्याभोवतीचं कापड तसंच ठेवून दुकान बंद केलं तर चालेल का?

आणि राडा म्हणजे काय साधा चिखल नव्हे. घासलेल्या फरशीची भुकटी, मशीनच्या दगडाची झीज आणि सांध्यात भरलेलं व्हाइट सिमेंट, सगळं पाण्यात कालवलेलं. मैद्याहून बारीक. ह्या लोकांनी काय केलं, तर नळी सोडून भसाभसा पाणी मारलं आणि वायपरनं सगळं बाथरूमच्या न्हाणीत, म्हणजे पाणी जायच्या भोकात ढकललं. जाळीवर एक फडकंसुद्धा लावलं नाही. रात्री पाणी तुंबलं. सकाळी प्लंबरनं खालचा बेंड उघडला, तर आतनं हाताएवढी पांढरी कांडी निघाली. खडूसारखी, पण ठोकल्याशिवाय फुटेना. पाइपचा वाकडेपणा जसाच्या तसा तिच्यावर उठलेला. प्लंबर म्हणाला, "काकी, नशीब लवकर बोलावलं, अजून आत गेलं असतं तर फरशी फोडावी लागली असती." आत्ताच पॉलिश केलेली फरशी!

माझं डोकं कशानं फिरलंय सांगू? राडा काढणं हे वेगळं काम नाहीच मुळी, ते पॉलिशचंच काम आहे. आधी साठ नंबरचा जाडा दगड, मग एकशेवीस, मग दोनशेवीस, मग चारशे, असं चढत जायचं असतं, नंबर मोठा तसा दगड बारीक. प्रत्येक दगड आधीच्याचे ओरखडे काढतो. आणि दर नंबरनंतर फरशी धुऊन, कोपरे पुसून, मगच पुढचा दगड लावायचा. कारण साठ नंबरचा एक कण जरी राड्यात राहिला, तरी तो चारशेच्या दगडाखाली गरगर फिरतो आणि नवे चरे पाडतो. आमच्याकडे दोन नंबर तर गाळलेच, मधे धुणं नावालाही नाही. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन तिरपं आलं की सोफ्यापासून देवघरापर्यंत बांगड्यांसारखी वर्तुळं दिसतात. एकदा दिसली की दुसरं काही दिसत नाही.

ह्यावर पॉलिशवाल्याचा उपाय काय? "ॲसिड मारा, पांढरं जाईल." डोकं ठिकाणावर आहे का? कोटा चुनखडीचा दगड आहे. ॲसिड पडलं की फेस येतो तो घाणीचा नव्हे, फरशीच विरघळत असते. लिंबाचा रस सांडून राहिला तरी त्यावर डाग पडतो. आमच्या शेजारच्या बोळात एका घरात असंच ॲसिड मारलंय, सगळी चमक गेली.

जमतच नाही असंही नाही. पाणी बेतानं वापरायचं, न्हाणीचं तोंड बंद करायचं, राडा एका कोपऱ्यात ओढून सुपलीनं घमेल्यात आणि तिथनं पिंपात. रात्रभर ठेवलं की भुकटी तळाला बसते, वर निवळ पाणी राहतं. ते हळूच काढून टाका, खालचा गाळ वाळवून पोत्यात भरा आणि बांधकामाच्या कचऱ्यात द्या. ह्याला अक्कल लागते का मोठी? दर वाढवून सांगा, दिले असते मी. पण आधी होय म्हणायचं आणि मागनं हात वर करायचे, हे कुठलं?

मशीन चालवणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. दोन्ही पोरं दिवसभर त्या पाण्यात अनवाणी, टाचा भेगाळलेल्या. मशीनची वायर त्याच पाण्यात लोळत होती, मधला जोड नुसत्या चिकटपट्टीनं गुंडाळलेला. मी बघितलं आणि पोटात गोळा आला, मेन स्विच बंद करून आधी तो जोड वर स्टुलावर ठेवायला लावला. मालकानं गमबूटसुद्धा दिले नव्हते त्यांना. तो स्वतः दाराच्या उंबऱ्यावरनंच "आटपा, आटपा" म्हणत होता.

आणि न्हाणीत मावला नाही तो राडा थेट दारातल्या गटारीत. जयंती नाला काय, दुधाळी नाला काय, शेवटी सगळं पंचगंगेतच जातं. २०१९ ला आणि २०२१ ला ह्या शहरानं महापूर बघितलाय, घराघरातनं गाळ उपसलाय, आणि तरी आपण दगडाचं पीठ गटारीत ओततोय!

पलीकडच्या काकूंच्या दारापर्यंत तो पांढरा थर गेलाय. सत्तरीच्या बाई, काल तिथंच घसरता घसरता वाचल्या. शिव्या मला बसल्या आणि बरोबरच बसल्या, घर माझं आहे. आज सकाळी मी आणि माझ्या मुलानं खुरप्यानं खरवडून तीन घमेली राडा काढला, अजून गटारीच्या कडेचा राहिलाच आहे. दुपारी पॉलिशवाल्याचा फोन आला, बाकीचे पैसे कधी देताय म्हणून. तीन घमेली दारातच ठेवलीत, येऊन घेऊन जा म्हटलं, मग पैशाचं बोलू.