हायड्रिला शेवाळ नाही, आणि परदेशी तर नाहीच

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सिरपूर तलावाच्या फोटोसोबत एक मेसेज फिरतोय: 'हायड्रिला हे अमेरिकेतून आलेलं विषारी शेवाळ आहे, दिसेल तिथे उपटून फेका.' कृपया पुढे पाठवू नका. हे चुकीचं आहे.

हायड्रिला मुळं, खोड, पानं, फुलं असलेली वनस्पती आहे, आणि मूळची आपल्याकडचीच. उलट १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून तीच फ्लोरिडात पोचली आणि तिथे डोकेदुखी होऊन बसली.

एक काडी हातात घेऊन बघा. पेरापेरावर बहुधा चार ते आठ पानांचं कडं असतं, कडांना बारीक दाते. बोट फिरवलं की खरखर लागते. मादीफूल धाग्याएवढ्या नळीवर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं. नरफुलं तर खोडापासून सुटून वर तरंगतात आणि तिथे उमलून पराग उधळतात. इतकी देखणी व्यवस्था शेवाळात कुठली!

ती स्वतः विषारी नाही, पाणपक्षी खातात. शाळेत फनेलखाली प्राणवायूचे बुडबुडे दाखवतात ती हीच.

उपटण्याबद्दल मात्र कळकळीने सांगते: पेराचा तुटका तुकडाही नव्याने रुजतो, चिखलातले कंद मागे राहतातच. शिवाय सिरपूर २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे कुणीही परस्पर हात घालू नये.