सेक्रेटरी, टाकी आधी ६० अंशांवर आणा

परवा कोथरूडला आत्याकडे मुक्काम होता. सकाळी शॉवर सोडला तर पाणी जेमतेम कोमट. "अरे, सेक्रेटरींनी टाकी चाळीसवर ठेवलीय. व्हॉट्सअॅपवर आलं होतं ना," असं म्हणत आत्याने मोबाईल पुढे केला. 'हीट पंप : सोसायट्यांची उघड लूट', खाली हात जोडलेले इमोजी आणि पाच मुद्दे. (हीट पंप म्हणजे सगळ्या इमारतीच्या टाकीतलं पाणी तापवणारं विजेचं यंत्र.) एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळणं विज्ञानाला धरून नाही. थंडीत यंत्र चालत नाही, युरोपातही फसलंय. सोलर असताना हवंय कशाला? आत स्फोटक गॅस असतो. आणि बसवलंच असेल तर टाकी ४० अंशांवर ठेवा, बिल निम्मं!

आत्या ७६ वर्षांची, तिला दमा आहे. म्हणून हा उपद्व्याप. एरवी मी फॉरवर्डच्या नादी लागत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे चार नुसते चुकीचे आहेत, हा घातक आहे. लेजिओनेला नावाचा जिवाणू साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि साधारण २० ते ४५ अंश हे त्याचं आवडतं तापमान. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिथे न्यूमोनियाची साथ पसरून तीसच्या आसपास माणसं गेली. त्या संघटनेवरूनच जिवाणूला हे नाव पडलं. पाणी पिऊन सहसा काही होत नाही, तुषार श्वासातून आत गेले की होतं, आणि शॉवर दुसरं काय करतो? म्हातारी माणसं आणि कमजोर फुप्फुसं यांना धोका सगळ्यात जास्त. म्हणून गरम पाणी साठवायचं ते ६० अंशांना, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बादली-तांब्याची अंघोळ असेल तर तुषार कमी, हे मान्य. पण आत्याच्या इमारतीत घरोघरी शॉवर आहेत.

बरं, बिल तरी निम्मं होतं का? पाणी कमी तापवायचं असेल तर हीट पंप कमी विजेत भागवतो, टाकीतून आणि पाइपातून उष्णताही कमी गळते. एवढं खरं आहे, नाइलाजाने कबूल. पण बादलीभर, म्हणजे २० लिटर, पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायला साधारण अर्धा युनिट उष्णता लागतेच. ते थेट टाकीतून घ्या, नाहीतर साठ अंशांच्या पाण्यात गार मिसळून घ्या. टाकी मात्र निम्मी होते. साठ अंशांच्या २,००० लिटरमधून अंघोळीचं ४,००० लिटर निघतं, चाळीसच्या टाकीतून २,०००च. मग साडेआठला उठणारे आपापल्या बाथरूममधला गीझर लावतात. सोसायटीचं बिल उतरतं, घरोघरचं चढतं. सेक्रेटरी खूश.

आता तो 'विज्ञानाला धरून नाही' मुद्दा. यावर खरं तर चिडूही नये. पाठवणाऱ्याच्या घरी एसी असेलच. एक टनाचा एसी खोलीतून साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो आणि वीज खातो साधारण एक किलोवॅट. त्याला कोणी लूट म्हणत नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून उचलून पाण्यात टाकतो. वीज लागते ती हमालीपुरती. २० अंशांच्या हवेतून ६० अंशांच्या पाण्यात उष्णता न्यायची तर फ्रेंच अभियंता कार्नोच्या १८२४ च्या सिद्धांताने एका युनिटमागे आठ युनिटपर्यंत मुभा आहे. बाजारातली यंत्रं तीनच्या आसपास देतात. म्हणजे विज्ञानाला तक्रारच करायची असेल तर ती उलटी असेल.

थंडीत क्षमता घटते, हो. पण पुण्याचा डिसेंबर म्हणजे पहाटेचे दहा-बारा अंश, आणि नॉर्वेत ६० टक्के इमारतींत हीट पंप आहेत. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने तर जुन्या, राहत्या घरांत मीटर लावून मोजलं : एका युनिट विजेमागे हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांनी वर्षभरात सरासरी ३.१ युनिट उष्णता दिली, जमिनीतून घेणाऱ्यांनी ४.१. तेही बर्फ पडतं तिथे. विक्रेते पत्रकात छापतात तो आकडा मात्र सोयीच्या तापमानाचा असतो, त्यावर विसंबू नका. आणि गरम पाणी दिवसरात्र आठ मजले फिरवणाऱ्या पाइपला नीट आवरण नसेल तर कमावलेलं सगळं भिंतीत जिरतं. आत्याच्या गच्चीवर ते आवरण फाटून लोंबतंय. त्यावर फॉरवर्ड कोणी काढत नाही.

सोलर? बंगल्याला उत्तमच. आठ मजल्यांना गच्ची पुरत नाही आणि पावसाळ्यात शेवटी विजेवर तापणारी कॉइलच चालते.

गॅस? सोसायट्यांच्या यंत्रांत बहुतेक आर-१३४ए किंवा आर-४१०ए असतो, तो सहजी पेट घेत नाही. त्याचं खरं दुखणं म्हणजे गळला तर आर-४१०ए वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पट तापमान वाढवतो. हे फॉरवर्डवाल्याला सुचलंच नाही. काही नव्या यंत्रांत प्रोपेन असतो आणि तो पेटतो, पण तुमच्या ओट्याखालच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो तसलाच गॅस आहे.

सेक्रेटरींना फोन केला. "तुमच्याकडे याची पीडीएफ आहे का? ग्रुपवर टाकतो," म्हणाले. हे लिहिलं ते त्यासाठीच. तेवढी टाकी आज ६०वर आणा, आणि लहान मुलं असतील त्या घरांत नळाला गार पाणी मिसळून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून घ्या, साठ अंशांचं पाणी भाजतं.