नगरसेवक पाडाल, पण पिवळा रंग?

‘वॉर्डातला उमेदवार नीट निवडा, शेतजमिनी आपोआप वाचतील’ हे बेळगावच्या महापालिका निवडणुकीवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. २०२१ ला बेळगाव महापालिकेची निवडणूक पहिल्यांदाच पक्षचिन्हांवर झाली. ५८ वॉर्ड, प्रचार नुसता गटार, पाणी आणि भाषेचा. शहराच्या विकास आराखड्यात (कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा नकाशा) कुठली शेतजमीन पिवळी (म्हणजे रहिवासी) होणार, हे आमच्या गल्लीत आलेल्या एकाही उमेदवाराच्या तोंडून निघालं नाही. निघणार तरी कसं? कर्नाटकच्या १९६१ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखडा नगरसेवक नव्हे, नियोजन प्राधिकरण करतं आणि मंजुरी बेंगळुरूची, म्हणजे राज्य सरकारची. त्यावर आपलं मतदान नसतं, असते फक्त हरकत. तीही मुदतीत, लेखी.

आमच्या बासमतीच्या शिवाराची आराखड्यातली नोटीस निघाली ती कन्नडमध्ये, पेपरात आतल्या पानावर. वडिलांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. शेजारच्या पोराने वाचून दाखवली तेव्हा हरकतीची मुदत संपून चार दिवस झाले होते. कचेरीतले साहेब वडिलांना म्हणाले, ‘आता काय उपयोग, काका?’

या खेपेला मत मागायला येतील त्यांना मी एवढंच विचारणार आहे, नोटीस मराठीत चावडीवर लावून घ्याल काय?