आधी पसंती, मग पत्रिका

समजा, तुमच्या हाती एक मोठा देश लागला आहे. सैन्य भरपूर, तिजोरी बरी, आणि दूरवरचा एक हुकूमशहा बरीच वर्षे तुमच्या डोळ्यांत खुपतो आहे. आता त्याच्याबद्दल साफ चुकीचा अंदाज बांधून स्वारी कशी करावी? पुष्कळांना वाटते की असा अंदाज आळसाने, निष्काळजीपणाने आपसूक चुकतो. मुळीच नाही. किरकोळ चूक तशी होते. वीस वर्षे पुरेल अशी चूक करायची तर शेकडो हुशार माणसे, अब्जावधींच्या यंत्रणा आणि निदान वर्षभराची मेहनत लागते. २००२-०३ साली इराककडे महासंहारक शस्त्रांचे साठे आहेत असे धरून वॉशिंग्टन आणि लंडनने जी कृती केली, ती आजही प्रमाण मानायला हरकत नाही. नंतर मॉस्कोनेही करून पाहिली, त्याबद्दल ओघाने.

सगळ्यात महत्त्वाचा क्रम. अनुभवी घराणी मुलगी आधी पसंत करतात, देण्याघेण्याचे ठरवतात आणि मग पत्रिका गुरुजींकडे धाडतात. ३६ पैकी किती गुण जुळायला हवेत, हेही अदबीने सांगून ठेवतात. २३ जुलै २००२ रोजी डाउनिंग स्ट्रीटवर एक बैठक झाली. वॉशिंग्टनहून परतलेल्या ब्रिटिश गुप्तचर प्रमुखांनी तिथे सांगितले की तिकडे युद्ध अटळ धरले आहे आणि माहिती-पुरावे धोरणाच्या मापाने बेतले जात आहेत. हे टिपणात नोंदवलेले आहे. पुढच्या पाचच दिवसांत ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांची अमेरिकी अध्यक्ष बुश यांना चिठ्ठी गेली. सुरुवातीलाच आश्वासन होते की काहीही झाले तरी मी तुमच्याबरोबर आहे. पत्रिका अजून पिशवीतून बाहेरही निघालेली नव्हती. अशी चिठ्ठी जरूर लिहा, तारीख तेवढी घालू नका.

आता पुरावे. खबऱ्या एकच ठेवा, दोन ठेवले की त्यांच्या सांगण्यात फरक पडतो. 'कर्व्हबॉल' या टोपणनावाचा इराकी केमिकल इंजिनिअर १९९९ मध्ये जर्मनीत आश्रयाला आला होता. ट्रकवर बसवलेल्या, फिरत्या जैविक प्रयोगशाळांची हकिकत त्यानेच सांगितली. त्याला जर्मन गुप्तचर सांभाळत होते आणि अमेरिकनांना भेटू देत नव्हते. म्हणजे अरबीतले बोलणे जर्मनांच्या कागदांतून फिरून इंग्रजीत उतरत होते. युद्धाआधी त्याला भेटलेला अमेरिकन एकच, पेंटॅगॉनकडून आलेला डॉक्टर. त्याला खबऱ्या आदल्या रात्रीची उतरायची असल्यासारखा वाटला. अशा वेळी डॉक्टरचे मत वैद्यकीय समजावे आणि फाइल पुढे सरकवावी.

या खबऱ्याने सांगितलेल्या गोदामाची गोष्ट नीट अभ्यासावी, कारण ती सगळ्या शास्त्राचा गाभा आहे. बगदादजवळच्या त्या गोदामात ट्रक अमुक बाजूने शिरतात आणि तमुक बाजूने बाहेर पडतात, असे तो म्हणाला होता. उपग्रहाच्या छायाचित्रात नेमकी त्याच वाटेत भिंत दिसली. सामान्य बुद्धीचा माणूस इथे म्हणाला असता की गडी थापा मारतो आहे. प्रशिक्षित माणूस म्हणतो, भिंत खोटी असावी, आपल्याला फसवायला उभी केलेली! संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक ८ फेब्रुवारी २००३ रोजी तिथे पोचले. भिंत खरीच होती. पण अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी त्या ट्रकांची चित्रे सुरक्षा परिषदेला दाखवून तीन दिवस झाले होते, आणि भिंतीला परिषदेत बोलता येत नाही. पुराव्याआड काही आलेच तर ते खोटे मानावे, एवढा नियम पाठ केला तरी निम्मे काम झाले. २०११ मध्ये खबऱ्याने स्वतःच कबूल केले की आपण खोटे बोललो.

कागदी पुराव्याला दर्जा फार लागत नाही. इराकने नायजरकडून युरेनियम मागवल्याचा जो पत्रव्यवहार फिरत होता, त्यातल्या ऑक्टोबर २०००च्या एका पत्रावर परराष्ट्रमंत्री म्हणून ज्यांची सही होती, ते गृहस्थ १९८९ मध्येच त्या पदावरून उतरले होते. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा शिपाईसुद्धा दाखल्यावर जुन्या सरपंचाची सही चालवून घेत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने हे कागद बनावट असल्याचे ७ मार्च २००३ रोजी जाहीर केले, पण तोवर वाक्य बोलून झाले होते. ते कसे बोलावे, तेही शिकून घ्या. ऑक्टोबर २००२ मधल्या भाषणातून सीआयएने हाच युरेनियमचा दावा काढायला लावला होता. म्हणून २८ जानेवारी २००३च्या भाषणात बुश म्हणाले की ब्रिटिश सरकारला असे कळले आहे. इंग्रजीत ते १६ शब्द. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली की आपला खांदा दुखत नाही.

ब्रिटिशांनीही खांद्याचे भाडे वसूल केले. फेब्रुवारी २००३च्या सुरुवातीला त्यांनी पत्रकारांना इराकवरचे एक टिपण वाटले. त्याचा मोठा भाग कॅलिफोर्नियातल्या एका संशोधक विद्यार्थ्याच्या लेखातून त्याला न विचारता उचललेला होता, लिहिण्यातल्या चुकांसह. जिथे फेरफार केले तिथे मात्र मन लावून केले. मूळ लेखातले 'विरोधी गट' सरकारी टिपणात 'दहशतवादी संघटना' होऊन आले. कॉपी करणाऱ्या पोराने निदान शुद्धलेखन तरी सुधारावे ही अपेक्षा वर्गात ठीक आहे, युद्धात एवढा वेळ नसतो. पॉवेल यांनी याच टिपणाची परिषदेत तारीफ केली.

तज्ज्ञांचे काय करायचे? इराक ६०,००० अॅल्युमिनियमच्या नळ्या विकत घ्यायच्या खटपटीत होता. बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर, जाडी ३.३ मिलिमीटर. ज्यांनी आयुष्यभर युरेनियम शुद्ध करायची यंत्रे हाताळली, ते अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातले लोक म्हणाले की या नळ्या त्या कामाला बऱ्या नाहीत. इराकच्या साध्या तोफखाना रॉकेटचा व्यास मात्र नेमका ८१ मिलिमीटर. अशा लोकांना हाकलू नका, बोभाटा होतो. त्यांचे मत 'भिन्नमत' असे सन्मानाचे नाव देऊन अहवालात आत कुठेतरी चौकटीत घाला. ऑक्टोबर २००२चा गुप्तचर अहवाल नव्वदेक पानांचा होता आणि कुलूपबंद खोलीत जाऊन वाचावा लागे. मतदानापूर्वी तो पूर्ण वाचणारे सिनेटर मोजकेच निघाले. खोली जिना चढून जावी लागेल अशा जागी ठेवली, तर मोजकेही उरणार नाहीत.

मग प्रयोग. ५ फेब्रुवारी २००३, सुरक्षा परिषद. पॉवेल तासाच्या वर बोलले, मागे सीआयए प्रमुख जॉर्ज टेनेट बसलेले, म्हणजे हमीदार सोबत. हातात पांढऱ्या भुकटीची इवलीशी कुपी. कुपी नाटकापुरतीच, पण कॅमेऱ्याला तीच लागते. रंगमंचाची काळजी आधीच घेतली होती. परिषदेच्या दालनाबाहेर पिकासोच्या 'गेर्निका' चित्राची विणलेली प्रतिकृती टांगलेली असे, बॉम्बफेकीत होरपळलेली माणसे आणि जनावरे. पत्रकारांपुढे उभे राहून युद्धाबद्दल बोलायचे आणि मागे ही किंकाळी, हे बरे दिसत नाही. तिच्यावर निळा पडदा सोडला होता. कॅमेऱ्यांना मागे एकरंगी पार्श्वभूमी हवी होती, असे सांगण्यात आले.

संयुक्त राष्ट्रांच्या हान्स ब्लिक्स यांचे निरीक्षक नोव्हेंबर २००२ पासून इराकभर हिंडत होते. सातशेहून अधिक तपासण्या केल्या, साठे काही सापडले नाहीत. याचा अर्थ उघड आहे. लपवणारा फारच तरबेज.

इथे सद्दाम हुसेन यांचेही श्रेय मान्य करायला हवे. टाळी एका हाताने वाजत नाही. साठे तर नव्हते, पण नाहीत असे छातीठोक सांगितले तर शेजारचा इराण शेफारेल, म्हणून त्यांनी संशयाला जागा ठेवली. रिकामे घर मोठे कुलूप लावून राखावे तसे. चोराला वचक बसला, पण दारोगा दार फोडायला आला.

मित्रराष्ट्रांची यादी करताना संख्या पाहा, वजन पाहू नका. या आघाडीत पलाऊ, आइसलँड आणि कोस्टारिका होते. तिघांकडेही सैन्य नाही. कोस्टारिकाच्या तर घटनात्मक न्यायालयानेच २००४ मध्ये आपले नाव यादीतून काढायला लावले. फ्रान्सने विरोध केला तेव्हा अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या उपाहारगृहात फ्रेंच फ्राइजचे 'फ्रीडम फ्राइज' झाले. बटाटा तोच, तेल तेच.

ज्यांना लढायचे नाही आणि भांडायचेही नाही, त्यांनी दिल्लीकडून शिकावे. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने ठराव केला. तेव्हा अध्यक्षपदी आपले मनोहर जोशी होते. हिंदीत शब्द घातला 'निंदा', इंग्रजीत त्याहून सौम्य 'डिप्लोर'. घरच्यांना निंदा ऐकू गेली, वॉशिंग्टनला हळहळ. अमेरिकेला भारताकडून एक पूर्ण डिव्हिजन हवी होती, तिला १४ जुलैला नकार गेला, तोही संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार केला असता, असे म्हणून. पाहुण्याला 'पुढच्या वेळी नक्की जेवून जा' म्हणतात, त्यातला प्रकार.

खर्चाचा आकडा कोणी खरा सांगू लागला तर त्याच्यावर लक्ष ठेवा. बुश यांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी सप्टेंबर २००२ मध्ये १०० ते २०० अब्ज डॉलर सांगितले. डिसेंबरात ते पदावर नव्हते. प्रत्यक्ष खर्च त्याच्या कित्येक पट गेला. पण गेला तो नंतर, आणि चुकलेल्या आकड्याबद्दल नोकरी जात नाही, बरोबर आकड्याबद्दल जाते. लष्करप्रमुख जनरल शिनसेकी यांनी २५ फेब्रुवारी २००३ रोजी सिनेटच्या समितीला सांगितले की ताबा घेतल्यावर काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांत उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी तो अंदाज वाऱ्यावर उडवला. युद्ध जिंकायला लागतात त्याहून जास्त माणसे नंतर कशाला लागतील, हे त्यांच्या कल्पनेत बसेना. लग्न लावायला एक गुरुजी पुरतो, मग संसाराला आणखी माणसे कशाला? पुनर्बांधणीबद्दल म्हणाल तर अमेरिकेच्या मदत संस्थेच्या प्रमुखांनी एप्रिलमध्ये टीव्हीवर करदात्याचा वाटा सांगितला, १.७ अब्ज डॉलर.

जिंकल्यावरचे पहिले दोन महिने फार महत्त्वाचे, कारण चूक इथेच मुरते. परराष्ट्र खात्याने 'नंतर काय' याचे तेरा खंड तयार केले होते. ते उघडू नयेत. बगदाद ९ एप्रिलला पडले. तेलमंत्रालयावर पहारा बसवला, राष्ट्रीय संग्रहालय लुटले जाऊ दिले. मग प्रशासक पॉल ब्रेमर आले. १६ मेच्या पहिल्या आदेशाने सद्दाम यांच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळ्या नोकरीतून काढल्या. बढतीसाठी सदस्य झालेले शाळामास्तरही त्यात गेले. २३ मेच्या दुसऱ्या आदेशाने सैन्य बरखास्त केले. बंदुका घरी, पगार बंद, शस्त्रागारे उघडी, उन्हाळा चढलेला. एवढे साहित्य एका भांड्यात घातल्यावर ढवळावेही लागत नाही. शेअर बाजार पुन्हा सुरू करायला वित्तक्षेत्राचा गंध नसलेला चोवीस वर्षांचा तरुण नेमला होता. तो सपशेल पडला असे म्हणायचे कारण नाही, बाकी सगळेच पडत होते.

दोन आदेशांच्या आधीच, १ मे रोजी, विजय जाहीर करून टाकला होता. विमानवाहू जहाज, मागे 'कामगिरी फत्ते'चा फलक, आणि सॅन दिएगोचा किनारा चित्रात येणार नाही असा कॅमेऱ्याचा कोन. पुढे फलक खलाशांची कल्पना असल्याचे सांगितले गेले. मग कळले, शिवून घेतला होता व्हाइट हाउसने.

आता मॉस्को आणि युक्रेनवरची स्वारी. २१ फेब्रुवारी २०२२ची सुरक्षा परिषदेची बैठक टीव्हीवर दाखवली. पुतीन एका टोकाला, बाकीचे दूर खुर्च्यांवर, तोंडी परीक्षेला बसल्यासारखे. परदेशी गुप्तचर खात्याचे प्रमुख नारिश्किन अडखळले. पुतीन यांनी दटावून म्हटले, स्पष्ट बोला. गोंधळून ते युक्रेनमधले दोनेत्स्क आणि लुहान्स्क रशियात सामील करण्याला पाठिंबा देऊन बसले. तो विषयच नव्हता, प्रश्न फक्त त्यांना स्वतंत्र म्हणून मान्यता देण्याचा होता. देशाचा वरिष्ठ हेर गैरसोयीचे बोलायला जिथे धजत नाही, तिथे वॉशिंग्टनइतके कागद लागत नाहीत, भिंत खोटी ठरवायचीही गरज नाही. २६ फेब्रुवारीला रशियाच्या सरकारी वृत्तसंस्थेने आधी लिहून ठेवलेला विजयलेख प्रसिद्धही केला आणि घाईघाईने उतरवला. वेळ लावून ठेवलेल्या गजराचे हे असेच होते.

कागदांबद्दल शेवटची सूचना. १९५६ मध्ये इजिप्तच्या सुएझ कालव्यावर चाल करण्याचा गुप्त करार ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएलने पॅरिसजवळच्या सेव्हर गावी केला. ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांनी लेखी काही झाल्याचे कळताच माणसे परत पाठवली, प्रती नष्ट करा म्हणून. इस्राएलची प्रत तोवर घरी पोचली होती. तेव्हा कटाच्या साथीदाराला झेरॉक्स देऊ नये.

चौकशीची धास्ती बाळगू नका. ब्रिटनने २००९ मध्ये नेमलेल्या चिलकॉट समितीचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी आला. १२ खंड, २६ लाख शब्द. कोण वाचतो? उलट १४ डिसेंबर २००४ रोजी बुश यांनी टेनेट, ब्रेमर आणि स्वारीचे सेनापती टॉमी फ्रँक्स या तिघांच्या गळ्यात देशाचे सर्वोच्च नागरी पदक घातले. वुल्फोविट्झ पुढल्या वर्षी जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले. त्या पदकाची फीत निळी असते, कडेला पांढरी रेघ. 'गेर्निका'वरचा पडदाही निळाच होता, तेव्हा खरेदीला जाताना दोन्ही एकाच ठाण्यातून फाडून घ्या, स्वस्त पडेल.