दोरी शाबूत, काठीचे दोन तुकडे

घरच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात मेव्हण्याने एक फॉरवर्ड टाकला: ‘गरवणाऱ्यांनो, काठी घेण्याआधी हे वाचाच!’ गळाने मासे धरणाऱ्यांसाठी पाच मुद्दे, खाली माशांची रांग. मी असले मेसेज वर ढकलून मोकळा होतो. पण पुतण्याने वाचला, पहिल्या पगारातून त्याबरहुकूम सामान घेतलं आणि कालावलच्या खाडीवर पहिल्याच संध्याकाळी काठी मोडून बसला. फोनवर म्हणतो, “काका, दोरी तशीच आसा, काठीच मोडली!”

तर त्यातला सगळ्यात घातकी मुद्दा आधी. ‘काठीवर लिहिलंय त्याच्या तिप्पट-चौपट ताकदीची दोरी भरा, मासा तोडून जाणारच नाही.’ पुतण्याच्या काठीवर मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत छापलेलं आहे: १० फूट, लाइन १०–२० पौंड, वजन १५–५० ग्रॅम. त्यावर याने भरली ८० पौंडी ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी. ८० पौंड म्हणजे ३६ किलो. गळ तिवराच्या मुळात अडकला. याने ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, पार आवळला आणि काठी कमानीसारखी वाकवून ओढत राहिला. २० पौंडी दोरी असती तर ती कधीच तुटली असती, गळ आणि शिसं खाडीला अर्पण, विषय संपला. इथे दोरी तुटायला तयार नाही, मूळ सुटायला तयार नाही. टोकाकडून तिसऱ्या कडीपाशी काठी फुटली, कार्बनची कुसळं बाहेर. एवढ्यावर भागलं नाही. अडकलेला गळ सोडवायला त्याने ब्रेड बोटाला गुंडाळून हिसका दिला. तर्जनीवर विळीने कापावं तसा काप पडलाय.

दोरी हा या जोडणीतला फ्यूज आहे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे महाभाग प्रत्येक वाडीत एक तरी असतात, त्यांच्याच जातीचा हा सल्ला. अडकलं तर काठी वाकवायचीच नसते. काठी सरळ दोरीच्या रेषेत धरायची, रीळ दाबून धरायचं आणि मागे चालत जायचं. दोरी तुटली तर तुटली.

नाइलाजाने एक कबूल करतो. जाड दोरीचा सल्ला कुठून आला असेल ते कळतं. होडीतून हातदोरीने गरवणारे आमचे म्हातारे जाड तंगूसच, म्हणजे नायलॉनचा एकेरी धागाच वापरत. तिथे मोडायला काठीच नव्हती आणि बारीक तंगूस हात कापायचं. त्यांचं बरोबर होतं. त्यांचा नियम उचलून कार्बनच्या काठीला लावणाऱ्याचं नाही.

दुसरा मुद्दा याच गोंधळाचा भाऊ: ‘२० पौंडाची काठी म्हणजे २० पौंडाचाच मासा.’ अहो, तो आकडा दोरीचा आहे, माशाचा नाही. १९५३ साली पेरूत काबो ब्लांकोला १,५६० पौंडांचा, म्हणजे सातशे किलोंवरचा ब्लॅक मार्लिन काठीवर धरला गेला. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या वहीत तो विक्रम आजही आहे, आणि त्याच संस्थेच्या नियमात १३० पौंडांपुढची दोरी विक्रमाला चालत नाही. म्हणजे मासा दोरीच्या बारापट! हे जमतं ते ड्रॅगमुळे. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ड्रॅग लावायचा. २० पौंडी दोरीला अडीच-तीन किलो. मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवून ओढून बघा, अंदाजाने पिळू नका.

‘काठी जितकी लांब तितकी चांगली.’ तोंडवळीच्या पुळणीवरून लाटांपलीकडे शिसं टाकायचं असेल तर हो, ११-१२ फूट घ्या. तिवरांत शिरल्यावर तीच काठी मागच्या फांदीत अडकते, आणि होडीत तर मासा कडेला आला तरी टोक आभाळात. मग लोक काठी उभी करून खेचतात आणि ती टोकाशी मोडते. खाडीला ७-८ फूट पुरे, होडीत त्याहून आखूड.

‘अ‍ॅक्शन वगैरे कंपन्यांचे चोचले, कडक तीच घ्या.’ अ‍ॅक्शन म्हणजे काठी कुठून आणि किती वाकते ते. तंगूस ताणतं, ब्रेड जवळपास ताणतच नाही. कडक काठी, ताठ ब्रेड आणि गळाला जिवंत कोलंबी, मारा जोरात फेक: कोलंबी एकीकडे, गळ दुसरीकडे. फक्त तांबोशी या माशाच्या बाबतीत थोडं मान्य. ती गळ लागताच बिळाकडे धावते, तिथे कमरेत दम असलेली काठी हवी. पण टोक तरीही नरमच.

आणि पाचवा, जो लिहिणाऱ्याला खरं तर दोन मुस्काटात द्यायला हव्यात: ‘कार्बन म्हणजे प्लास्टिकच, विजेची भीती नाही.’ कार्बनमधून वीज वाहते. मृगाआधी आणि ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडायला लागलं की काठी खाली ठेवा आणि घरी या. बांधावरून तारा गेल्या असतील तिथे फेकूच नका.

पुतण्याला आता ८ फुटी, १०–२० पौंडी काठी घेऊन दिली. २० पौंडी ब्रेड, आणि पुढे दोन हात ४० पौंडी तंगूस, कालवांना घासायला. गेल्या रविवारी एक अडकलेला गळ त्याने तोडून दिला, आणि तक्रार नाही. मेव्हण्याने मात्र तो मेसेज अजून काढलेला नाही. काल त्याखाली कुणीतरी हात जोडून ‘उपयुक्त माहिती’ लिहिलंय.